अव्वाची सुलटी फिल्म

आमचे मालक गेले त्याला महिना व्हायलाय. घरात माणसं येऊन बसायलेत, चहा प्यायलेत, आन् भिंतीकडं बघून एकच विचारायलेत. जन्मभर फोटो काढलेला माणूस, मंग त्यांच्या आईचा फोटो कामून न्हाई? नातजावई विचारला. परवा दूध घालणारा बी विचारला. सांगून सांगून तोंड दुखायलंय माझं. म्हणून एकदाच मोबाईलवर टाईप करून टाकते. नातीनं शिकवलंय. मी मराठी तिसरी शिकलेली, माहेर देवणीकडचं. सासरी कानडी, मराठी दोन्ही बोलायचे. बोलते तसंच लिहायले, चुकलं तर समजून घ्या.

मालकांचं नाव गुरुलिंग. आता नाव घेतलं तर कोण रागावणार हाय. बारीक अंगाचे, बोटांची टोकं कायम तपकिरी, डेव्हलपरच्या पाण्यानं. जेवताना ती बोटं भाकरीवर बघून मला सुरुवातीला कसंतरी व्हायचं. बोलणं कमी, हट्ट लई. राग आला की भांडायचे न्हाईत, अंधाऱ्या खोलीत जाऊन आतून कडी लावायचे. मंग मी कुणाशी भांडू. दाराशी?

फोटोचं काम ते गुलबर्ग्याला एका उस्तादाकडं शिकले. पोलीस ॲक्शन झाली, उस्तादांचं गिऱ्हाईक तुटलं, तवा हे हुमनाबादला घरी आले आन् बाजारातल्या आमच्या घराच्या पुढल्या खोलीत पडदा लावला. पडद्यावर तळं आन् दोन हंस. पुढल्या वर्षी आमचं लग्न झालं. घरात आम्ही तिघं. मालक, मी चंद्रम्मा, आन् त्यांची आई सिद्धव्वा. तिला सगळे अव्वाच म्हणायचे. त्यांची बहीण बसव्वा, ती संतपूरला दिलेली.

लग्नात फोटो काढणारे तवा थोडे. पण माणूस गेलं की फोटो पाहिजेच. आमच्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं न्हाई ठेवत, बसवतात. आंघोळ घालून, कपाळाला, दंडाला पांढरी इबूत लावून, भिंतीला टेकवून, गळ्यात हार घालून. लेकरं बाळं दोन्ही बाजूला बसतात. तोच त्या माणसाचा पहिला फोटो आन् तोच शेवटचा. निरोप आला की मालक सायकलच्या कॅरेजला मशीन बांधायचे, मशीन उभं करायचं तिकाटणं खांद्याला अडकवायचे आन् निघायचे. असल्याच कामावर आमची चूल चालायची. वाईट वाटायचं, पण असं होतं.

एकदा दुबलगुंडीचे माणिकप्पा गेले. भरल्या घरातला म्हातारा, पांढऱ्या मिशा, गावात मान. मालक जाऊन फोटो काढून आले, फिल्म धुतली आन् खिडकीपाशी दोरीला चिमट्यानं वाळत लावली. सकाळी कागदावर काढायची होती. सकाळी उजाडायला माणिकप्पांचा लेक वीरण्णा दारात. किती फोटो पाहिजेत ते सांगायला आला होता बिचारा. मालक हात धुवायला मागं गेले होते. वीरण्णा सरळ आत गेला आन् फिल्म काढून उजेडात धरला.

निगेटिव्ह कसं असतंय, पांढरं ते काळं आन् काळं ते पांढरं. माणिकप्पांचं तोंड काळं कुळकुळीत. मिशा काळ्या. आन् कपाळावर तीन बोटं भरून लावलेली इबूत, ती काजळासारखी काळी.

मालक आले तर हा तिथंच उभा.

"हे काय हाय गुरलिंगप्पा."

"निगेटिव्ह हाय अण्णा. ह्याच्यावरनं कागदावर काढलं की बरोबर येतंय."

"माझ्या बापाच्या कपाळाला काजळ कोण लावलं?"

"कुणी लावलं न्हाई. इबूतच हाय ती. उद्या फोटो बघा तुम्ही."

"उद्या काय बघू. आज दिसायलंय की."

अव्वा ओट्यावर तूर निवडत बसली होती. ती बी उठून आली आन् बघितली. माणिकप्पा तिच्या माहेरच्या गावचे, लहानपणापासून ओळखीचे. तिनं ते काळं तोंड बघितलं आन् हातातलं सूप खाली ठेवलं. वीरण्णा फिल्म घेऊन मागं गेला. मी चुलीवर पाणी ठेवलं होतं. त्यानं ती फिल्म माझ्या चुलीत टाकली. एकदम भडकली आन् संपली.

माणिकप्पांचा दुसरा फोटो कुठंच नव्हता. लेकानंच जाळला आन् बोल आमच्यावर. मला इतका राग आला होता. पण अव्वा म्हणली, "बरं केलास वीरण्णा."

त्या दिवशी पूजेला बसल्यावर अव्वानं मालकांना बोलावून समोर बसवलं. तिच्या तळहातावर गळ्यातलं लिंग होतं.

"इतके दिवस तू आत असलं करतोस, मला माहीत नव्हतं," ती म्हणली. "आता हातावर लिंग हाय, बोल. माझी काळी फिल्म करणार न्हाईस."

"अव्वा, ती काळी म्हणजे नुसती..."

"जिवंतपणी न्हाई आन् बसवल्यावर बी न्हाई. बोल."

"करणार न्हाई."

"दुसऱ्या कुणाला करू देणार न्हाईस."

"देणार न्हाई."

मी सैपाकघरातून ऐकायले होते. मला वाटलं म्हातारीचा राग हाय, उतरंल. उतरला न्हाई.

वीरण्णा बाजारात सांगत फिरला. गुरलिंगप्पा मेलेल्या माणसाला काळं करून दोरीला टांगतोय. मंग निरोप यायचे बंद. लोक चिटगुप्प्याच्या फोटोवाल्याला बोलवायला लागले.

"तो बी काळीच करतोय की आधी," मी म्हणले.

"त्याची कुणी बघितली न्हाई," मालक म्हणले. एवढंच.

पण त्यांना खरा त्रास गिऱ्हाईकाचा नव्हता. अव्वाचा एक बी फोटो काढलेला नव्हता. घरातलंच माणूस, कवाबी काढता येतंय, असं करत राहून गेलं. ती बी बसायची न्हाई. "मला कामं हायत, तुझ्या हंसापुढं बसायला मी काय नवरी हाय व्हय," म्हणायची. आन् आता शपथ. अव्वाला खोकला लागला होता, अंग सुकायलं होतं. हे जेवताना तिच्याकडंच बघत बसायचे. एक दिवस म्हणले, "अव्वा गेली तर मी काय बघू?" मी म्हणले, "असं अभद्र बोलू नका." पण त्यांच्या डोक्यातून ते गेलं न्हाई.

शरणबसवप्पाच्या दर्शनाला गुलबर्ग्याला गेलो, तवा मला देवळात सोडायच्या आधी उस्तादांकडं नेले. उस्ताद म्हातारे झाले होते, दुकानात एकटेच बसलेले, मशीनवर फडकं झाकलेलं. मालकांनी सगळं सांगितलं. उस्ताद दाढी खाजवत ऐकले.

"तो ऐसा बोल ना मियाँ, फिल्म पे च सीधी सूरत होना," ते म्हणले. "होती. पहले डेव्हलपर में काला आता. वो काला जो आता, उसकू तेजाब और लाल दवा में डाल के उड़ा डालो. फिर धो डालो. जो बाकी रहता, वो तुम्हारी असली सूरत. उसकू फिर डेव्हलपर पिलाओ, सीधी आ जाती."

"कागदावर काढता येती?"

"नक्को. सीधी फिल्म से कागज पे काला आता. एकच बनती, बस. कायकू पड़ता इस झंझट में?"

मालक हसले. लई दिवसांनी हसताना बघितले. वाटेत मला समजावून सांगितले. आपण जी काळी फिल्म करतो, तिचाच काळेपणा काढून टाकायचा आन् राहिलेल्या जागेत खरं रूप आणायचं. शेवटी हातात सुलटीच फिल्म, काळी कुठं उरतच न्हाई. मी म्हणले, समजलं. निम्मं समजलं होतं.

लाल दवा म्हणजे कॉलरा आला की विहिरीत टाकतात ती. ती सरकारी दवाखान्यातल्या कंपाउंडर किशनरावांकडं असायची.

"कुठल्या विहिरीत टाकणार हाव गुरलिंगप्पा?" ते विचारले.

"विहिरीत न्हाई. आईच्या फोटोत."

"मंग पुडी मोठी देतो. म्हातारी कडक हाय तुमची."

तेजाब, म्हणजे ॲसिड, सोनाराकडनं आणलं. त्या तेजाबानं ह्यांच्या धोतराची चाळण झाली. मी शिवायले आन् हे परत भोकं पाडायले. शेवटी शिवायचंच सोडून दिले मी. तसलंच नेसून बाजारात जायचे, लोक मला बोलायचे.

आधी माझ्यावरच करून बघितलं. मला घागर घेऊन उन्हात उभं केलं. उन्हाळा होता, आमच्याकडचा उन्हाळा, घागरीचं काय आन् रांजणाचं काय, पाणी कोमटच. फिल्म लाल दव्यात टाकली आन् तिच्यावरचा पापुद्रा दुधावरच्या सायीसारखा सरकून ताटात गोळा झाला. मी, घागर, सगळंच. पुन्हा उभी राहिले. पुन्हा सरकलं. मला घागरीचं दुखणं लागलं मानेला. "दुसरं काहीतरी काढा की, म्हैस काढा," मी म्हणले. म्हैस काढली. म्हैस बी सरकली.

मंग न्हाव्याकडची तुरटी पाण्यात टाकून बघितले, पापुद्रा घट्ट व्हावा म्हणून. आन् पाण्याचे भांडे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. मला पुन्हा घागर घेऊन उभं केलं, आन् ह्या वेळी साय सरकली न्हाई. फिल्म लाल दव्यातून निघाली, पांढऱ्या पावडरीच्या पाण्यात धुवायला पडली, आन् तेवढ्यात अव्वानं बाहेरून दार ढकललं. कडी लावायची राहिली होती. तिला काय पाहिजे होतं की, लाटणं का काय. भर दुपारचा उजेड आत.

"अव्वा, सगळं घालवलीस," हे आतून ओरडले.

"काय घालवले? आंधळ्यासारखं बसतोस आन् मला बोलतोस."

तिनं दार लोटलं आन् गेली. ह्यांनी रागानं फिल्म तशीच डेव्हलपरमधी टाकली, फेकायच्या आधी. आन् मी आले. सुलटी. घागर, पदर, दारातली म्हैस, सगळं जसंच्या तसं. बाहेर येऊन आभाळाकडं धरून दाखवले. माझ्या पायातली जोडवी सुद्धा दिसायली. मी इतकी बारीक होते हे मला त्या दिवशी कळलं.

ते म्हणले, "नशीब. म्हातारीनं दार उघडून सुद्धा फिल्म वाचली."

तिथंच चुकलं. दार उघडल्यामुळंच ती आली होती, हे त्यांच्या डोक्यातच आलं न्हाई. पहिल्यांदा डेव्हलप झाल्यावर फिल्मला उजेड द्यावाच लागतो, मगच राहिलेला भाग उठतो. उस्ताद ते सांगितले न्हाईत. विसरले का ह्याला माहीतच असंल म्हणून सोडले, कुणास ठाऊक. आन् ह्यांनी शिकल्यापासून एकच केलेलं, फिल्म उजेडापासून लपवायची. खिडकीला कांबळं, दाराच्या फटीत चिंध्या. आपल्या हातानं उजेड आत सोडायचं त्यांच्या मनात येणार कसं.

माझी सुलटी फिल्म बघून अव्वा कबूल झाली. दोन्ही बाजूनं बघितली, चुलीकडं धरून बघितली. "काळी न्हाई ना कुठं ठेवलेली?" "न्हाई." "मंग बसते."

बसली. न्हाऊन, जाड काठाचं लुगडं नेसून, कपाळभर इबूत लावून. हंसाचा पडदा नको म्हणली, नुसत्या भिंतीपुढं बसली.

आता इथं त्यांच्या शपथेनं घात केला. पहिल्या डेव्हलपरमधी थोडा वेळ का होईना काळीच येते ना फिल्म. माझ्या वेळी त्यांनी लाल कंदिलात बघितली, त्याचं काही न्हाई. पण अव्वाची काळी कुणीच बघायची न्हाई, आपण बी न्हाई, असं त्यांनी मनात धरलं. म्हणून कंदील विझवला. दाराला आतून गोधडी लावली, त्यावर कांबळं. उंबऱ्याच्या फटीत माझी जुनी लुगडी कोंबली. सगळं हातानं चाचपून, अंदाजानं केलं. शेवटपर्यंत उजेडाचा थेंब आत येऊ दिला न्हाई.

बाहेर आले तर घामानं भिजलेले. हातात फिल्म. खिडकीकडं धरली. काचेसारखी कोरी. पाण्यासारखी साफ. अलीकडून पलीकडचा लिंब दिसायला.

अव्वा बाजूलाच उभी होती. बराच वेळ बघितली.

"मी न्हाईच व्हय ह्यात?"

ह्यांनी फिल्म उलटी करून पुन्हा उजेडात धरली.

"चंद्रम्मा आली. म्हैस आली. मी न्हाई आले."

"चूक झाली माझी कुठंतरी. पुन्हा बस."

"नको," ती म्हणली. "समजलं मला."

काय समजलं ते आम्हाला बी समजलं. आपले दिवस भरले म्हणून फिल्मवर उठले न्हाई, असं तिनं धरलं. त्या दिवसापासून औषध घ्यायची बंद. खोकायची आन् गप पडायची. संतपूरला बसव्वाला निरोप धाडा म्हणायली. मला तर रडावं का ह्यांना धरून हलवावं समजंना. एका साध्या फोटोपायी म्हातारी अंथरुणाला खिळली, आन् हे आपले आत बसून पुन्हा माझेच फोटो काढायले, ते बी साफ कोरे यायले. एका मागं एक. गच्च बंद खोलीत कोरेच येणार. फिल्मी संपत आल्या, गुलबर्ग्याहून मागवल्या त्या येईनात.

एक दिवस मालक अव्वाच्या उशाशी बसून चिडचिड करायले. आईवरच.

"एकदाच बरोबर आली होती. तू दार उघडून गोंधळ घातलीस तवा. आन् इतकं जपून करतोय तर येईना."

अव्वा डोळे मिटूनच म्हणली, "मंग उघडते की दार. त्यात काय."

मालक तसेच उठून आत गेले, फिल्मीचा एक तुकडा घेतले, परड्यातली तुळस काढले, आन् धुताना मध्येच दार सताड उघडे टाकले. तुळस आली. पान न् पान आलं.

अव्वाला येऊन सांगितले. ती ऐकून घेतली आन् सरळ विचारली, "काळी येते का न्हाई मधी? खरं सांग."

त्यांनी खोटं बोलावं, असं मला वाटायलं होतं. बोलले न्हाईत.

"येते अव्वा. आधी येते, मंग जाते. राहत न्हाई."

"कोण बघतंय तवा?"

"कुणी न्हाई. कंदील विझवतो."

ती हातावर जोर देऊन उठून बसली. मंग म्हणली, "मी बसते आत. माझ्यासमोर कर. मीच उघडीन दार."

दुसऱ्या दिवशी पुन्हा न्हाली. तिला धरून भिंतीपुढं बसवले, फोटो काढले, आन् दोघं आत गेले. मी दाराबाहेर. आतून दोघांचं बोलणं ऐकू यायलं.

"काय वास हाय रे हा."

"तेजाबाचा."

"इथं बसतोस व्हय रोज?"

"व्हय."

"म्हणून पोटात अन्न बसत न्हाई तुझ्या."

मंग पाणी हलवल्याचा आवाज, तिचा खोकला, पुन्हा पाणी. "आता उघड," हे म्हणले. कांबळं खाली पडलं, दार उघडलं, आन् अव्वा भिंतीला धरून उभी, डोळे बारीक करून. मी पुढं झाले तिला धरायला. मालकांनी उजेडातच फिल्म डेव्हलपरच्या ताटात सोडली. आधी लुगड्याचा काठ आला. मंग डोळे. मंग गालाचे खड्डे, मान, हात. कपाळ राहिलं पांढरं, त्यावर इबूत त्याहून पांढरी.

अव्वा ताटावर वाकली. "कान बघ," ती म्हणली. "माझ्या आईचे हायत."

तिला बरं वाटायलं त्यानं. भाकरी मागून खाल्ली. फिल्म वाळल्यावर मालकांनी दोन काचांमधी घालून दोऱ्यानं बांधली. अव्वा ती दिवसातून कितीदा तरी खिडकीकडं धरून बघायची, दुसऱ्या कुणाला तरी बघावं तशी. मंग एक दिवस म्हणली, "बसव्वाला एक दे असला."

झालं. पुन्हा तेच.

"एकच हाय अव्वा. ह्याच्यावरनं दुसरी करायची तर आधी काळी करावी लागती."

"मंग नको."

"तूच पुन्हा बस. तिच्यासाठी निराळी करतो."

"दिवाळीला बसव्वा येती, तवा दोघी बसतो. आता मला दम लागतोय."

मी म्हणले, आता बसा, दिवाळीचं कुणी बघितलंय. अव्वा माझ्याकडं बघितली. मी उठून चुलीकडं गेले.

ह्यांना वाटलं आता गिऱ्हाईक बी परत येतंय. वीरण्णाला बोलावून दाखवले. वीरण्णा दाराच्या उजेडात बघितला, खूष झाला. "असंच पाहिजे होतं बाबा. आता लोकांना असलं कागदावर काढून दे, भिंतीला लावायला."

"कागदावर येत न्हाई. हेच."

त्यानं ती भिंतीला लावून बघितली. मागून उजेड न्हाई तर फिल्म अंधारीच दिसती.

"इथं तर पुन्हा काळीच की," वीरण्णा म्हणला. "मंग काय घरात जो येईल त्याला परसात न्यायचं व्हय, गेलेला बाप बघायला?"

तो गेला. इतकी धडपड, तेजाब, धोतरं, माझी मान, आन् बाजारात त्या सुलट्या फिल्मचा काही उपयोग न्हाई. मालक पुन्हा लग्नाचे न् मुंजीचे फोटो काढायला लागले, जिथं काळी बघून कुणी चिडत न्हाई.

दिवाळी यायच्या आधीच, पावसाळ्याच्या शेवटी अव्वा गेली. ताप आला आन् उतरलाच न्हाई. बसवली. बसव्वा संतपूरहून आली तवा अव्वाच्या गळ्यात हार पडलेला. तिचा नवरा हणमंतप्पा, त्यानं आल्या आल्या चिटगुप्प्याला माणूस धाडला होता फोटोवाल्यासाठी. तो सायकलवर मशीन घेऊन हजर. मालक उठून दारात आडवे उभे राहिले.

"माझ्या आईचा फोटो कुणी काढायचा न्हाई."

सगळे बघायले. फोटोवालाच म्हणायलाय, फोटो काढू नका. हणमंतप्पा म्हणला, "सगळ्या मुलखाचे म्हातारे काढलाव तुम्ही, आन् आपल्या आईची वेळ आली तर?"

"शपथ हाय."

बसव्वा आतून आली. केस सुटलेले, तोंड सुजलेलं. "तुझी शपथ तुला. मी कुठं घेतले. तिचं तोंड मी पुन्हा कशात बघू, अण्णा?"

मालक आत गेले, काचा घेऊन आले, आन् अंगणात उजेडाकडं धरून तिच्यापुढं केले. बसव्वा बघितली आन् मटकन खाली बसली. ती फिल्म मंग तिच्या हातातून सुटली न्हाई. माती देऊन आलो तरी पदरात धरलेली. चिटगुप्प्याचा फोटोवाला चहा पिऊन गेला.

बसव्वा निघायच्या दिवशी मालक म्हणले, "घेऊन जा."

मी सैपाकघरातच होते. बस गेल्यावर मी बोलले. लई बोलले.

"कामून दिलात? तुमच्याकडं दुसरी हाय का?"

"ती मागितली."

"तिनं तोंड उघडून मागितली न्हाई. तुम्हीच दिलात."

"तिच्या हातात बघितलीस ना तू."

"मंग द्यायच्या आधी एकदा काळी करायची, कागदावर एक काढायची, आन् काळी चुलीत टाकायची. अव्वा गेल्या. कोण विचारणार होतं?"

"लिंग हातावर होतं," ते म्हणले आन् आत जाऊन कडी लावून घेतले.

दर वर्षी दसरा झाला की मालक बसनं संतपूरला जायचे, बहिणीकडं. मला माहीत होतं कशाला जातात. जाताना नवं धोतर नेसायचे. आल्यावर दोन दिवस बरे असायचे, जरा बोलायचे बी. ज्या वर्षी आमचा बीदर जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, त्या वर्षी गेले ते दुसऱ्या दिवशीच परत आले. चपला काढल्या, पाणी पिले आन् भिंतीला टेकून बसले.

"भेटली का अव्वा?" मी विचारले. मी तसंच विचारायची दर वर्षी.

"धुऊन गेली."

मला समजंना. मंग एकेक करून सांगितले. बसव्वानं फिल्म देवळीत लिंगाशेजारी ठेवली होती. रोज पूजा. लिंगावर पाणी घालायची तसं आईवर बी घालायची, हातानं पुसायची, इबूत लावायची, दुसऱ्या दिवशी ती धुऊन पुन्हा नवी. रोज पाणी, रोज बोटं. पापुद्रा सुटत गेला. आधी कपाळ गेलं, मंग डोळे. आता खालच्या बाजूला लुगड्याचा थोडा काठ उरलाय, बाकी साफ.

"आन् काचा? काचा बांधून दिला होतात की तुम्ही."

"काढून ठेवली. काचेतून हात पोचत न्हाई म्हणली."

"तुम्ही काय बोललाव तिला?"

"काय बोलू. ती पूजा करायली होती."

मी चिडून उठले. कुणावर चिडावं तेच समजत नव्हतं. बसव्वावर, म्हातारीच्या शपथेवर, का ह्यांच्यावर. भाकरीचं पीठ काढले आन् तसंच ठेवले. हे तिथूनच म्हणले, "तिला अजून दिसती म्हणती. मला दाखवत होती, हे बघ अण्णा, हे डोळे. मी व्हय म्हणलो."